आवाज बंद झाला की येईन

सातपूरच्या त्या घरमालकांनी मला खोली दिली ती माझे कान तपासून. गाव कोणतं, घरी कोण कोण असतं, लग्न अजून का नाही, या प्रश्नांची उत्तरं मी तोवर नाशकातल्या निम्म्या घरमालकिणींना देऊन दमले होते आणि यांच्यासाठीही तयार ठेवली होती. यांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. मला अंगणात भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि माझ्या पाठीमागे फरशीवर काहीतरी टाकलं.

"काय पडलं?" ते केवढ्यांदा तरी ओरडले.

मी वळून म्हणाले, "नट." त्या जातीचा तेवढाच एक शब्द मला माहीत होता.

"नट नाय, वायसर! नट पडला की टण्ण करून थांबतो. वायसर फिरत फिरत बसतो. पण हरकत नाय. ऐकू आलं ना? वरची खोली तुमची."

आपण एका वेडगळ माणसाच्या घरी राहायला चाललो आहोत हे मला तेव्हाच कळलं. पण शाळेतल्या नव्या बाईला, तीही एकटी, खोली द्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. वेडगळ घरमालक संशयी घरमालकापेक्षा परवडला, असं मनाशी म्हणत मी माझी वळकटी आणि स्टोव्ह घेऊन हजर झाले. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. सातपूरच्या वसाहतीतले काही कारखाने तेव्हा धडाधड चालत होते आणि काही बंद पडत होते. माझ्या घरमालकांचा बंद पडलेल्यांतला.

त्यांना मी काका म्हणत असे. उंच, हाडकुळे, अंगात कायम कंपनीची जुनी खाकी पँट. कंपनीत ते भट्टीखात्याचे फिटर होते. लोखंडाचे सुटे भाग भट्टीत लालबुंद तापवायचे आणि तेलात बुडवून कडक करायचे, असं ते खातं. भट्टीला हवा फुंकणारा ब्लोअर दिवसरात्र चाले, आणि तो बिघडायच्या आधी त्याच्या आवाजावरून बिघाड ओळखायचा, हे काकांचं काम. ते त्यांनी जन्मभर इतकं जीव लावून केलं की त्या आवाजानंच त्यांचे कान खाऊन टाकले. माझी ओळख झाली तेव्हा त्यांना शेजारी फुटलेला फटाकाही ऐकू आला नसता. पण हे त्यांना मान्य नव्हतं.

"माझे कान शाबूत हायेत," ते म्हणायचे. "लोक आजकाल पुटपुटू राहिले, त्याला मी काय करू?" रेडिओवरचे लोकही पुटपुटतात असं त्यांचं मत होतं. दारावरच्या बेलऐवजी त्यांनी एक दिवा बसवला होता. बटण दाबलं की आत लाल दिवा लागे. का, असं मी एकदा ओरडून विचारलं, तर म्हणाले, "बेलचा आवाज लय कर्कश असतो हो. डोकं उठतं."

बाकी सगळं ते तळहातानं ऐकायचे. नळाला पाणी आलं की नाही हे पाइपला हात लावून सांगत. टीव्ही बघताना एक हात टीव्हीवर. मी वर आहे की बाहेर गेले आहे हे जिन्याच्या कठड्याला हात लावून त्यांना कळे, आणि माझा पाय मुरगळला होता त्या आठवड्यात तेवढ्यावरूनच त्यांनी ओळखून हळदीचा लेप जिन्यात आणून ठेवला होता. येवल्याच्या भरल्या घरातून मी इथे आले होते. माझी चाल बदललेली कोणाला तरी कळली याचं मला त्या दिवशी रडू आलं. वरच्या खोलीत बसून निवांत रडले. खाली ऐकू जायची भीती नव्हतीच.

कंपनी बंद झाली आणि सामान भंगारात निघालं तेव्हा काकांनी स्वतःच्या भट्टीचा ब्लोअर टेम्पोत घालून घरी आणला. लोक कंपनीतून निघताना घड्याळं घेऊन येतात, भिंतीवर लावायच्या तसबिरी घेऊन येतात. यांनी माणूसभर उंचीचं, गोगलगाईसारख्या पोटाचं लोखंडी धूड आणलं. मागच्या खिडकीला ते बसवलं, बाहेरून वाळ्याचे पडदे लावले, पडद्यांवर पाणी सोडायला छोटा पंप जोडला आणि कूलर तयार केला. "यानं जन्मभर आग फुंकली. म्हातारपणी जरा गारवा फुंकू दे," असं म्हणायचे. पण खरं कारण काकू होत्या. काकूंना उन्हाळा सोसत नसे. अंगभर घामोळं उठायचं, दुपारभर डोकं धरून बसायच्या. बाजारातला कूलर त्यांच्या डोकेदुखीला पुरा पडणार नाही, असं काकांनी ठरवून टाकलं होतं.

तो पुरा पडला म्हणजे काय, उतू गेला. सुरू केला की कॅलेंडर भिंतीवरून उडायचं आणि पोळपाटावरची पोळी तव्यापर्यंत आपोआप जायची, असं गल्लीतल्या बायका सांगत. आणि आवाज! एसटी घरात घेऊन उभी केल्यासारखा. आधीच काकांचे कान तसले, त्यात हा ब्लोअर. काकांना काही वाटत नव्हतं. ते त्याच्यासमोर बसून भाकरी खात आणि गारव्यानं डोळे मिटून घेत. काकूंनी एक अख्खा उन्हाळा काढला आणि मग नाशिक रोडला लेकीकडे राहायला गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, आणि तेही दाराबाहेर उभं राहून, मोठ्यानं म्हणाल्या, "तो आवाज बंद झाला की येईन."

मी राहायला आले ती त्यानंतरच्या हिवाळ्यात. म्हणजे माझे कान कशासाठी हवे होते ते आता लक्षात येईल.

दुसऱ्या कोणाला बायको निघून गेली असं वाटलं असतं. काकांच्या लेखी ती कंप्लेंट होती. कंपनीत भट्टीवरचा माणूस येऊन सांगायचा, फिटर, आवाज येतोय. मग काका जायचे, आवाज काढून टाकायचे, माणूस परत मशीनवर उभा राहायचा. कोणी कोणाची समजूत घालत नसे. "आमच्या मंडळींची कंप्लेंट हाय," पहिल्याच शनिवारी त्यांनी मला सांगितलं. "आखाजीच्या आत अटेंड करायची."

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. त्या दिवशी पितरांच्या नावानं नवी घागर पाण्यानं भरून पुजायची, वर आंबा ठेवायचा, पुरणपोळी आणि आमरसाचं जेवण करायचं. घागर घरच्या सुनेनं भरायची असते. म्हणजे काकू कितीही रागावल्या तरी त्या दिवशी सासऱ्यांच्या घागरीसाठी सातपूरला येणार, यात काकांना शंका नव्हती. तोवर ब्लोअर गप्प झाला पाहिजे, एवढंच त्यांच्या हातात होतं.

सातपूरला आठवड्याची सुट्टी शनिवारची. कारखाने त्या दिवशी बंद, म्हणून गल्लीत माणसं घरी असत आणि भोंगे वाजत नसत. काका कामावर जात नसले तरी त्यांचा सुट्टीचा वार बदललेला नव्हता. माझी शनिवारची शाळा सकाळची असे. मी जेवून पाय पसरते न पसरते तोच जिन्याखालून हाक यायची, "बाई, कान घेऊन या!"

पहिल्या शनिवारी त्यांनी मला लांब दांडीचा स्क्रू ड्रायव्हर दिला. टोक मशीनवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. सगळ्या कोलाहलातून तेवढ्या जागेचा आवाज वेगळा ऐकू येतो. मला वाटलं होतं थट्टा आहे. मूठ कानाला लावली आणि दचकले, त्या लोखंडाच्या आत कोणीतरी दात खात होतं.

"सांगा," काका म्हणाले.

"कोणीतरी दात खातंय!" मी त्यांच्या कानात ओरडले.

ते खूष झाले. "शाबास. ते बेअरिंग."

मी पाचवीच्या मुलांना पानांची सळसळ, पाण्याची खळखळ, बांगड्यांची किणकिण शिकवत असे. ते शब्द इथे काही कामाचे नव्हते. काकांचा स्वतःचा कोश होता. किरकिर म्हणजे तहान, तेल द्या. खडखड म्हणजे काहीतरी सुटलंय, पाना घ्या. फटफट म्हणजे पट्टा सैल. घरघर मात्र ते तोंडातून काढत नसत. घरघर लागली म्हणायची वेळ आली की मशीन भंगारात जातं, असं मानत.

त्यांची पद्धत ठरलेली होती आणि त्यात घाई बसत नसे. आधी सगळं बंद करायचं आणि हातानं फिरवून बघायचं. मग पट्टा काढून नुसती मोटर चालवायची. आवाज तसाच राहिला तर दोष मोटरचा, गेला तर मोटर सुटली, पुढे चला. "एकेकाला निर्दोष सोडत जायचं," ते म्हणत. "शेवटी जो उरतो तो गुन्हेगार." एका शनिवारी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या तर कोणामुळे फरक पडला ते कळत नाही. मी वैतागायचे. मला वाटे, एकदम चार स्क्रू आवळा आणि मोकळे व्हा. पण आता मागे वळून बघताना वाटतं की आम्ही दोघंही मनातून त्या पद्धतीवर खूष होतो. तिच्यामुळे शनिवार पुरून उरत होते. माझ्या रविवारांना बोलायला कोणी नव्हतं, त्यांच्या तर कुठल्याच वाराला नव्हतं.

मोटर सुटली. मग पट्टा. दोन्ही पुल्या एका रेषेत नव्हत्या, ते त्यांनी गवंडी भिंतीला दोरी ताणून धरतात तशी दोरी धरून दाखवलं. मग आतला पिंजरा, म्हणजे गोल फिरणाऱ्या पात्यांचा ढोल. त्या पात्यांवर भट्टीची कित्येक वर्षांची काजळी बसली होती, कुठे जाड, कुठे पातळ, त्यामुळे पिंजरा फिरताना एका अंगाला झोल खायचा. रॉकेलचा डबा आणि दात घासायचे जुने ब्रश घेऊन आम्ही दोघं अंगणात बसलो. पितळी देव घासावेत तसे ते एकेक पातं घासत होते. मध्येच थांबून म्हणाले, "ही काजळी लय जुनी. आमची मुलगी झाली तेव्हाची पण असेल." मग पुन्हा घासायला लागले.

संक्रांतीला काकू येऊन गेल्या. लोकरीची शाल राहिली होती म्हणून आल्या होत्या असं म्हणाल्या. काकांच्या हातावर तिळगूळ ठेवला, ते "गोड बोला" असं ओरडले, आणि मग त्या जिना चढून वर माझ्याकडे आल्या. ठेंगण्या, नीटनेटक्या, आणि आवाज इतका मऊ की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्या खेड्यातलं त्यांचं माहेर. तिथे म्हणे मोठ्यानं बोलणाऱ्या बाईला नांदायला कोण नेणार, असं म्हणत त्यांना वाढवलं होतं.

मी काकांच्या मेहनतीचं कौतुक सुरू केलं. पट्टा, पुली, पिंजरा. त्या ऐकत राहिल्या.

"बाई, मशीन नीट होईल," त्या म्हणाल्या. "ह्यांनी हात घातला अन् मशीन नीट झालं नाय असं घडलेलं नाय. पण ह्यांच्याशी बोलायचं म्हणजे बोंबलायचं. भाजी संपली, गॅस संपला, हे बोंबलून सांगता येतं. मनातली गोष्ट बोंबलून सांगतं का कोणी? गल्लीतली माणसं आपापल्या ओट्यावर बसून ऐकतात. मी सांगायचंच सोडून दिलं. लेकीकडं निदान हळू बोललं तरी पुरतं."

बाकीच्या बायका नवऱ्याला "अहो, ऐकलं का" म्हणतात ती नुसती हाक असते. या बाईनं तोच प्रश्न जन्मभर खराखुरा विचारला होता आणि त्याचं उत्तर नाही असंच आलं होतं. मी विचारलं, कानाचं यंत्र का नाही घेत? तर त्या हसल्या, म्हणाल्या, तेही झालं. लेकीनं आणून दिलं होतं. काकांनी ते एक दिवस लावलं. ते यंत्र अधूनमधून बारीक शिट्टी मारायचं. ती शिट्टी घरातल्या सगळ्यांना ऐकू येई, फक्त काकांना नाही. लेक म्हणाली, बाबा, ते आवाज करतंय. बस्स. आवाज करतंय म्हटल्यावर काकांनी ते उघडलं. आतल्या बारीक तारा त्यांच्या जाड बोटांना कशा दाद देणार? त्याचे तुकडे बेअरिंगच्या डब्यात पडले, आणि "बनावटच कच्ची" असा निकाल लागला.

"तुम्ही त्यांना सांगा ना स्पष्ट," मी म्हणाले. "आवाज ब्लोअरचा नाही म्हणावं."

"कसं सांगू?" काकू म्हणाल्या. "ओरडून?"

त्या शाल घेऊन उतरल्या. खाली काका त्यांना पिंजरा फिरवून दाखवत होते. त्या बघत उभ्या राहिल्या, चांगलं आहे अशी मान हलवली आणि बसला गेल्या.

होळीपर्यंत ब्लोअरचा राक्षसीपणा गेला. बेअरिंग नवी आली, पायांखाली ट्रकच्या ट्यूबचे रबरी तुकडे आले. काकांनी तळहात पत्र्यावर ठेवला आणि जाहीर केलं, "संपलं. आता थरथर नाय."

"शिट्टी येतेय," मी म्हणाले.

"कसली शिट्टी?"

"बारीक. सतत. किटली उकळायला लागल्यासारखी."

त्यांनी दोन्ही हात ठेवले. गाल लावला. कपाळ लावलं. त्यांच्या हातांना थरथर कळायची, खडखड कळायची, पण शिट्टी हाताला लागत नाही. ती नुसती कानाची वस्तू आहे. काका माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी मुद्दाम त्यांना छळायला शिट्टी आणली आहे. दोन शनिवार ते माझ्याशी धड बोललेच नाहीत. मग एका दुपारी त्यांनी स्वतःच शिडी लावली आणि म्हणाले, "मी कापूस घेऊन एकेक फट बंद करत जातो. कमी झाली की हात वर करा." तोवर माझ्या कानांनी सांगितलेलं ते आपल्या तळहातानं ताडून मगच मानत आले होते. त्यांना न ऐकू येणारी गोष्ट ते माझ्या शब्दावर शोधायला निघाले, हे मला फार मोठं वाटलं, अजूनही वाटतं. मी हात वर करून करून थकले. शेवटी पत्र्याच्या जोडात, हवा बाहेर येते त्या तोंडाशी, केस जाईल एवढी फट सापडली. तिथे त्यांनी खिडकीच्या काचेला लावतात ती लांबी भरली. मी हात वर केला आणि खाली आणलाच नाही. शिट्टी नव्हती. काही म्हणजे काहीच नव्हतं. समोरचा पडदा तेवढा फुगून हलत होता.

"चालू हाय ना?" काकांनी विचारलं.

"चालू आहे!"

ते शिडीवर तसेच बसले. मग म्हणाले, "आखाजीला अजून वेळ हाय." आणि त्यांनी कपाटातले स्वतःचे दोन कप्पे रिकामे करून काकूंच्या साड्यांसाठी पुसून ठेवले.

आता पुढचं सांगण्याआधी एक सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच आशा नको. पुढच्या वर्षी मी ते घर सोडलं तेव्हाही काका तिथे एकटेच राहत होते.

आखाजीला काकू सकाळीच आल्या. ऊन मी म्हणत होतं. लेक त्यांना रिक्षानं सोडून गेली, चारला न्यायला येते म्हणाली. काकूंनी घागर भरली, पुजली. मलाही जेवायला बोलावलं होतं. काकांचं पूजेत लक्ष नव्हतं. जेवणं झाली तसं त्यांनी काकूंना खिडकीसमोरच्या खाटेवर बसवलं, मला दाराशी उभं केलं आणि बटण दाबलं. पडदा फुगला. वाळ्याचा वास घरभर पसरला.

"ऐका," काका म्हणाले.

"काय ऐकू?" काकूंच्या ओठांवरून काकांना प्रश्न कळला.

"तेच तर! काहीच नाय ना? काहीच येऊ राहिलं नाय ना?"

काकूंनी मान हलवली. त्यांच्या कपाळावरचे केस वाऱ्यानं मागे उडत होते. त्या ब्लोअरकडे बघत होत्या, मग काकांच्या हातांकडे बघत राहिल्या. रॉकेलनं आणि पत्र्यानं त्या हातांची पार चाळण झाली होती. "किती खपलात हो," त्या म्हणाल्या. काकांची पाठ वळलेली होती.

मी आत जाऊन भांडी विसळायला लागले. बाहेर काका बोलत होते, पट्टा कसा, पुली कशी, बाईंचे कान कसे तिखट. त्यांच्या बोलण्याला मध्ये खंड पडला आणि काकू बोलायला लागल्या. नेहमीच्या आवाजात, जवळ बसलेल्या माणसाशी बोलतात तसं. ब्लोअर पूर्वीचा असता तर मला एक शब्द ऐकू आला नसता. आम्ही तो इतका गप्प केला होता की आतल्या दाराशी मला सगळं स्वच्छ ऐकू आलं.

"लेकीकडं सगळं हाय," काकू म्हणत होत्या. "पण मला नाय करमत तिथं. सकाळी उठले की तुमचा चहा कोण करत असेल तेच येतं मनात. मी आपण होऊन कशी येऊ? लेक काय म्हणेल, जावई काय म्हणेल. तुम्ही एकदा राहा म्हणा. नुसतं राहा म्हणा, मी आज जात नाय."

मी हातातलं ताट तसंच धरून दारात आले. काका ब्लोअरवर तळहात ठेवून, मान जराशी कलती करून उभे होते. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"दोन्ही बेअरिंग नवीन टाकले," ते म्हणाले. "आता बघायला नको."

काकू खाटेवर पुढे सरकल्या. मग जरा आवाज चढवून म्हणाल्या, "म्हटलं, राहा म्हणता का?" त्याच वेळी समोरच्या ओट्यावरच्या बाईनं कुरडया वाळवता वाळवता इकडे मान वळवली. काकूंनी पदर सारखा केला आणि त्या गप्प झाल्या.

चारला रिक्षा आली. काका दारापर्यंत आले. त्यांचा चेहरा गोंधळला होता. कंप्लेंट गेली, मशीन सुरू झालं, तरी माणूस निघाला, असं त्यांच्या हिशेबात कुठे बसत नव्हतं.

"आवाज बंद झाला ना?" त्यांनी विचारलं.

"झाला," काकू म्हणाल्या आणि मान हलवली. रिक्षात बसल्यावरही त्या काकांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. काका त्यांच्या तोंडाकडे बघत होते. दोघंही दुसऱ्याच्या बोलण्याची वाट बघत होती. लेक म्हणाली, "चल आई, ऊन लागतंय."

रिक्षा वळली तरी काका फाटक धरून उभे होते. फाटक बंद करून आत आले ते माझ्यासमोर येऊन थांबले.

"बाई, तुम्ही दाराशी होत्या," ते म्हणाले. "दुपारी ती काहीतरी बोलू राहिली होती. काय म्हणत होती?"

एखादी गोष्ट आपल्याला ऐकू आली नाही, हे त्यांच्या तोंडून मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"राहा म्हणा, असं म्हणत होत्या."

"काय?"

"राहा म्हणा! तुम्ही राहा म्हणालात तर राहते, असं म्हणाल्या!"

कुरडयांवरची बाई हात थांबवून बघायला लागली. शेजारच्या ओट्यावर वर्तमानपत्र खाली आलं. काकूंना जे गल्लीला ऐकवायचं नव्हतं ते सगळं मी गल्लीला ऐकवलं होतं. दुसऱ्या कुठल्या आवाजात ते काकांपर्यंत पोचलंच नसतं.

काका आत गेले. मीही मागोमाग गेले. ब्लोअर चालूच होता. त्यांनी पत्र्यावर हात ठेवला.

"ती बोलली तेव्हा हा चालू होता?"

"हो!"

"आवाज करत होता?"

मी मान हलवली. नाही.

"पट्टा?"

नाही.

"बेअरिंग? शिट्टी?"

"काहीच नाही, काका!"

त्यांनी बटण बंद केलं. फुगलेला पडदा खाली बसला. खाटेवर काकू बसल्या होत्या तिथे चादरीला खळगा पडला होता, त्याच्या शेजारी ते टेकले. दोन्ही तळहात उलटेपालटे करून पाहिले. मग काहीतरी बोलले, पण इतकं हळू, की मला पुढे वाकून पुन्हा विचारावं लागलं.

"मग मला का नाय ऐकू आलं?" काका म्हणत होते.